टाकळा : एका पिवळ्या रानफुलाचा आणि ‘देशी’ या शब्दाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचे मास्तर निवृत्तीनंतर बागकामाकडे वळले. वळलो तर बिघडलं कुठं? पण आज आम्ही मुख्यतः बोलणार आहोत ते एका शब्दाबद्दल. शब्द आहे ‘देशी’. नवी मुंबईत बाल्कनीत, गच्चीवर, सोसायटीच्या कोपऱ्यात फुलपाखरांसाठी आणि मधमाश्यांसाठी बाग करणारी मंडळी आता भेटतात. अशा बागेचा पहिला नियम सांगितला जातो तो हा : झाडं देशी लावा. नियम चांगलाच आहे. पण देशी म्हणजे कोणतं? ते कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कशावरून ठरवलं? हे प्रश्न हवेत सोडण्यापेक्षा एका झाडाला धरून सोडवू. ते झाड म्हणजे टाकळा.

टाकळा! म्हणजे ते तण? होय, तेच. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेरुळांच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीशी जे हिरवंगार उगवतं, ज्याच्या पानाला तीन जोड्यांची गोलसर पर्णिका असते, जे संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतं, ते. कोवळा असताना त्याची भाजी होते. गोव्यात तो टायकिळो, विदर्भात तरोटा. श्रावण-भाद्रपदात त्याला पाच पाकळ्यांची पिवळी फुलं येतात आणि मग विळ्यासारख्या बारीक, लांब शेंगा. भाजी पुष्कळांना ठाऊक आहे. फूल मात्र फार थोड्यांनी नीट पाहिलंय, कारण तोवर एकतर तो खुडलेला असतो किंवा ग्रासकटरखाली गेलेला असतो.

आधी या शहरातल्या पिवळ्या रंगाचा हिशेब मांडू. दसऱ्याला तोरणात झेंडू असतो, तो मेक्सिकोचा. रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात नारिंगी-पिवळा कॉसमॉस फुलतो, तोही मेक्सिकोचा. दुभाजकावर गालिच्यासारखी पसरलेली वेडेलिया उष्ण अमेरिकेतली. कुंपणावरची अलमांडा दक्षिण अमेरिकेतली. घंटेसारख्या फुलांची टेकोमा अमेरिकेतलीच. रस्त्यावर पिवळा सडा घालणारा सोनमोहर श्रीलंका आणि आग्नेय आशियाकडचा. बहावा आणि अशी मोजकी नावं सोडली, तर आपल्या नजरेला पडणारा पिवळा रंग बहुतेक समुद्रापलीकडून आलेला आहे. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. झेंडूशिवायचा दसरा आम्हालाही सुचत नाही. फक्त एवढंच की, आपल्या डोळ्यांना ‘आपलं’ वाटणं हा देशीपणाचा पुरावा होत नाही.

मग पुरावा कोणता? इथे थोडं इंग्लंडला जाऊन येऊ, कारण वनस्पतींना ‘नेटिव्ह’ आणि ‘एलियन’ असं वर्गवार बसवायची पद्धत तिथे आकाराला आली. केंब्रिजचे जॉन हेन्स्लो, म्हणजे चार्ल्स डार्विनचे गुरू, यांनी १८३५ मध्ये ब्रिटनमधल्या कोणत्या वनस्पती खरोखर तिथल्या आणि कोणत्या बाहेरून आलेल्या, हा प्रश्न मांडला. पुढे १८४७ मध्ये ह्युएट वॉटसन यांनी ‘सायबेली ब्रिटानिका’ या ग्रंथात त्याची शिस्तशीर वर्गवारी केली : नेटिव्ह, डेनिझन, कॉलनिस्ट, एलियन. आता या शब्दांकडे नीट बघा. यातले काही शब्द वनस्पतिशास्त्राचे नाहीतच, ते कायद्याचे आहेत. डेनिझन म्हणजे असा परका माणूस, की ज्याला राजाने काही हक्क बहाल केले आहेत. माणसांच्या नागरिकत्वाची भाषा उचलली आणि झाडांना लावली, असा हा मामला.

आणि गंमत अशी, की त्याच काळात तोच ‘नेटिव्ह’ शब्द मुंबईत वेगळ्याच अर्थाने चालत होता. इथे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी होती, नेटिव्ह टाउन होतं. ब्रिटनमधल्या एखाद्या रोपट्याला ‘नेटिव्ह’ म्हणणं म्हणजे त्याला मान देणं. मुंबईतल्या माणसाला ‘नेटिव्ह’ म्हणणं म्हणजे त्याची पायरी दाखवणं. एकच शब्द, एकच साम्राज्य. शब्दाचा अर्थ तो कोण वापरतो आणि कोणासाठी वापरतो यावर ठरतो, हे वर्गात शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला कधी मिळालं नाही.

आपल्या मराठीतही हा खेळ आहेच. ‘देशी’ शब्द स्वदेशी चळवळीत अभिमानाचा झाला, दारूच्या दुकानाच्या पाटीवर हलका झाला आणि तुपाच्या बरणीवर पुन्हा महाग झाला. ‘गावठी’ तर पूर्वी शिवीच होती. आज वाशीच्या किंवा पनवेलच्या बाजारात गावठी कोथिंबीर, गावठी अंडी म्हटलं की दोन पैसे जास्त. टाकळ्याला अजून हा मान मिळालेला नाही. तो अजून ‘रानटी’च आहे. त्याचं फूल फुललं तर त्याला कोणी फुलात धरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. टाकळा इथला कशावरून? पहिला पुरावा ग्रंथांचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिसऱ्या अध्यायात त्वचारोगांवरचे लेप सांगितले आहेत. त्या अध्यायाचं नावच बहाव्यावरून पडलं आहे, आरग्वधीय. त्यात बहाव्याबरोबर ‘एडगज’ येतो. एडगज म्हणजे टाकळा असं परंपरा मानते. अमरकोशात त्याचीच आणखी नावं सापडतात : दद्रुघ्न, चक्रमर्दक. दद्रु म्हणजे नायटा. तो घालवणारा तो दद्रुघ्न. चक्रासारखा गोल उठणारा नायटा चुरडणारा तो चक्रमर्द. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये. त्याच्या कितीतरी शतकं आधी इथे हे झाड नावानिशी आणि कामानिशी ओळखलं जात होतं. झेंडूच्या बाबतीत असं जुनं पाठबळ मिळत नाही.

पण थांबा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने इथे लगेच टाळी वाजवू नये. टाकळ्याचा एक भाऊबंद आहे कासविंदा, ज्याला कोणी रानटाकळाही म्हणतात. ‘कासमर्द’ हे नावही संस्कृत वैद्यकात जुनं आहे. तरी आज कासविंदा म्हणून जे झाड आपण दाखवतो, ते मूळचं अमेरिकेतलं असं वनस्पतिशास्त्रज्ञ बहुधा मानतात. मग जुनं नाव नव्या झाडाला कसं मिळालं? भाड्याच्या खोलीवर जुन्या भाडेकरूची पाटी तशीच राहावी, तसं झालं असावं. नावं झाडांना चिकटून राहतात, पण कधी कधी एका झाडावरून दुसऱ्यावर सरकतातही. म्हणून नुसतं संस्कृत नाव हा जन्मदाखला धरता येत नाही.

दुसरा पुरावा वनस्पतिशास्त्राचा. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये टाकळ्याला ‘कॅसिया तोरा’ असं नाव दिलं. लिनियस कधी आपल्या भागात आला नव्हता. त्याच्यापुढे होते ते सतराव्या शतकात पाउल हेरमान याने श्रीलंकेत गोळा केलेले नमुने. आणि ‘तोरा’ हा लॅटिन शब्द नाही. सिंहली भाषेत या जातीच्या झाडांना तोरा म्हणतात. म्हणजे लंकेतल्या कोणा शेतकऱ्याने किंवा वैदूने सांगितलेला शब्द जगभरच्या पुस्तकांत जाऊन बसला. त्याच १७५३ च्या ग्रंथात लिनियसने टाकळ्यासारखंच दिसणारं एक अमेरिकन झाड वेगळं नोंदवलं. पुढे पुष्कळांनी दोन्ही एकच मानली, पुन्हा वेगळी केली. पुढे टाकळ्याला ‘सेना’ या गणात नेऊन बसवलं, म्हणून आता तो ‘सेना तोरा’. पुस्तकांतला हा वाद बराच चालला.

तिसरा पुरावा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तो किड्यांचा आणि पाखरांचा. टाकळ्याच्या फुलात मध नसतोच. मग तिथे कोण येतं आणि कशाला? परागांसाठी. आणि पराग तरी सहज मिळतात का? नाही. या फुलाचे परागकोश मिठाच्या डबीसारखे असतात, टोकाला बारीक छिद्र. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला घट्ट धरते आणि छातीचे स्नायू थरथरवते. एक विशिष्ट गुणगुण ऐकू येते आणि पराग भुरभुर बाहेर पडतात. पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. ती सांडलेलं वेचते. म्हणजे फूल आणि भुंगा यांच्यात कुलूप-किल्लीचं नातं आहे, आणि अशी नाती दोन-चार वर्षांत जमत नसतात. मध नाही म्हणालो, तोही फक्त फुलात नाही. पानाच्या देठावर, पर्णिकांच्या जोडीमधे एक बारीक गाठ असते, तिच्यातून गोड रस येतो आणि तो प्यायला मुंग्या येतात.

शिवाय फुलपाखरं. ‘ग्रास यलो’ नावाचं छोटं पिवळं फुलपाखरू टाकळ्याच्या पानावर तांदळाच्या कणीहून बारीक, उभट, पांढरं अंडं घालतं. हिरवी अळी तीच पानं खाऊन वाढते. ‘एमिग्रंट’ या फुलपाखराच्या अळ्याही टाकळ्यावर वाढतात. एमिग्रंट म्हणजे देश सोडून जाणारा! थव्याने प्रवास करणाऱ्या या पाहुण्याचं बाळंतपण आपल्या टाकळ्यावर होतं.

हा फरक बाग करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. घाणेरीवर, कॉसमॉसवर फुलपाखरं बसतात, मध पितात, आपण फोटो काढतो. छान आहे. पण ती खानावळ झाली. खानावळीत जेवता येतं, बाळंतपण होत नाही. त्याला माहेर लागतं. टाकळा हे ग्रास यलोचं एक माहेर आहे. पानं कुरतडलेली दिसली की आपण घाबरून फवारणी करतो; वास्तविक तेच बाग चालू असल्याचं लक्षण असतं.

इथे एक प्रामाणिक अडचण मांडायला हवी. हीच फुलपाखरं टाकळ्याच्या अमेरिकन भाऊबंदांवरही अंडी घालतात. अळी पासपोर्ट पाहत नाही, पानातली रसायनं चाखते. तेव्हा देशीपणा म्हणजे रक्ताची शुद्धता वगैरे काही नाही. तो नात्यांचा दाट गोतावळा आहे. कोण खातं, कोण येतं, कोण नावाने हाक मारतं, कोण औषधाला नेतं, अशा जितक्या गाठी, तितकं ते झाड तिथलं. आमची देशीची व्याख्या विचाराल तर हीच.

आणि या गाठींमधे माणूसही येतो. म्हणून नवी मुंबईचा इतिहास इथे टाळता येत नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घ्यायचं ठरलं. जमीन कसली होती? भातखाचरं, मिठागरं, खाडीकाठ, टेकड्यांचे उतार. आगरी आणि कोळी लोकांची वस्ती. मोबदल्यासाठी झालेला संघर्ष आपल्याला माहीत आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलन झालं, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं.

या व्यवहारात जमीन मोजली गेली. पंचनाम्यात आंब्याचं, नारळाचं झाड मोजता येतं. बांधावरचा टाकळा मोजायला रकाना नसतो. आणि टाकळ्याबरोबर जे ज्ञान होतं, म्हणजे तो कधी खुडायचा, किती कोवळा घ्यायचा, कोणाला द्यायचा नाही, त्यालाही रकाना नसतो. शेत गेलं की बांध जातो, बांध गेला की आजीने नातीला तिथे नेऊन दाखवायची गोष्ट जाते. आज पावसाळ्यात पनवेल, कर्जतकडच्या आदिवासी बायका टोपलीतून टाकळा, कवळा, कुर्डू, शेवळं घेऊन बाजारात बसतात, तेव्हा त्या हे ज्ञानही विकायला, खरं तर वाटायलाच, आणतात. भाव करता करता दोन प्रश्न विचारा; वनस्पतिशास्त्राचा एक तास फुकट मिळेल.

आता लागवडीचं. तणाची लागवड कसली, असं म्हणाल. पण बाल्कनीत आपोआप तणसुद्धा येत नाही. पावसाळा सरल्यावर शेंगा वाळल्या की बी गोळा करावं. बी तपकिरी, चकचकीत, तिरक्या कापलेल्या चौकटीसारखं आणि फार टणक असतं. पेरण्याआधी काचकागदावर हलकं घासावं किंवा रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं. जूनच्या पहिल्या पावसाला पेरावं. दहा-बारा इंची कुंडी पुरते, ऊन मात्र भरपूर हवं. खत नको, खताने पाला माजतो. फवारणी तर नकोच नको. रोप कमरेएवढं होऊ शकतं. फुलं येण्याआधी शेंड्याची कोवळी पानं एकदा भाजीपुरती खुडली तर त्याला फुटवे येतात, आपलंही काम होतं. एका कुंडीपेक्षा चार-पाच रोपं जवळजवळ असलेली बरी, म्हणजे फुलपाखराला सापडतात.

दोन सूचना. पहिली, ओळख पक्की करा. टाकळ्याची पर्णिका गोलसर टोकाची, तीन जोड्या, शेंग बारीक आणि लांब. कासविंद्याची पर्णिका टोकदार, जोड्या जास्त, शेंग चपटी. कासविंद्याच्या बियांनी पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना प्राणघातक विषबाधा झाल्याचं डॉक्टरांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवून दिलं. टाकळ्याचंही जून पान आणि कच्चं बी पोट बिघडवतं. खायचं ते कोवळं आणि शिजवून. दुसरी सूचना, शेंगा तडकण्याआधी काढून घ्या, म्हणजे शेजारच्या कुंडीवर आक्रमण होणार नाही. सोसायटीला विनंती करायची असेल तर एवढीच करा, की कंपाउंडलगतचा हातभर रुंद पट्टा ऑक्टोबरपर्यंत कापू नका. मधेच कापला तर त्यावरच्या अळ्याही जातात.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने खरा मुद्दा. ‘देशी लावा, परकं उपटा’ ही भाषा झाडांसाठी वापरता वापरता जीभ कधी माणसांवर घसरते ते कळत नाही. वॉटसनने माणसांच्या कायद्यातून शब्द उचलून झाडांना दिले. आपण ते झाडांवरून उचलून पुन्हा माणसांना लावू नयेत. नवी मुंबई हे तर बाहेरून आलेल्यांचं शहर. साताऱ्याचा माथाडी, केरळची परिचारिका, उत्तर प्रदेशातला सुतार, सगळे इथे घर करून आहेत. ज्यांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं, त्यांचा हक्क मोठा आहे आणि तो न्यायाने द्यायला हवा. पण तो न्यायाचा प्रश्न आहे. माणसाला मुळं फुटायला पिढ्यांची वाट पाहावी लागत नाही, तो शेजाऱ्याशी बोलून, भाषा शिकून, कष्ट करून एका जन्मात तिथला होऊ शकतो. झाडाला हे साधत नाही.

शिवाय देशीपण हे जागेला बांधलेलं असतं. हाच टाकळा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात उपद्रवी तण म्हणून ओळखला जातो आणि तो काढायला तिथले लोक कष्ट घेतात. ते बरोबरच करतात. इकडे आपल्याच देशात, १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं गाजर गवत हटवायला टाकळ्याचं बी फेकावं असं तणशास्त्रज्ञ सुचवतात. त्याच्या बियांपासून काढलेला डिंक ‘ई ४२७’ या क्रमांकाने युरोपातल्या खाद्यपदार्थांत घट्टपणासाठी वापरायला परवानगी आहे. एकच झाड कुठे तण, कुठे औषध, कुठे भाजी, कुठे माल. झाड बदलत नाही, गोतावळा बदलतो.

आणि भाजीचं म्हणाल, तर टाकळ्याच्या भाजीत आपण घालतो काय? कांदा, लसूण, ओलं खोबरं, मूठभर भिजवलेली डाळ आणि हिरवी मिरची. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर आलेली. एका कढईत चरकाचा एडगज आणि कोलंबसाची मिरची सुखाने नांदतात. तेव्हा झेंडू उपटायची गरज नाही. झेंडूच्या कुंडीशेजारी टाकळ्याची कुंडी ठेवायची गरज आहे, कारण झेंडूला विचारणारे पुष्कळ आहेत आणि टाकळ्याला ओळखणारे कमी होत चालले आहेत.

येत्या ज्येष्ठात बी पेरा. भाद्रपदात फूल आलं की सकाळी उन्हं वर आल्यावर कुंडीजवळ पाच मिनिटं गप्प उभे राहा आणि भुंग्याची ती थरथर ऐकू येते का बघा. आणि घरातल्या एखाद्या लहान मुलाला त्याचं नाव सांगा : टाकळा. इथे थांबतो.